‘दुर्गभ्रमणगाथा’ संपल्यावर काय वाचावे?

वाटसरू :
गेल्या कार्तिकात गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड चढलो आणि रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला. सॅकमध्ये गो. नी. दांडेकरांची, म्हणजे गोनीदांची, ‘दुर्गभ्रमणगाथा’ होती, वाचनालयाची. सोबती घोरू लागल्यावर बॅटरीच्या उजेडात तिच्यातली राजगडाची पाने पुन्हा वाचली, आणि तेव्हापासून किल्ल्यांवरचे दुसरे पुस्तक हातात धरवत नाही. पायथ्याचे गाव कोणते, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे का, ही माहिती हवीच, आणि त्यासाठी प्र. के. घाणेकरांची पुस्तके मी जवळ बाळगतो. परंतु गोनीदा गडावर जातात ते माहेरी गेल्यासारखे. असे गुंतून लिहिणारे आणखी कोण आहे? विषय किल्ल्यांचाच असावा, असा आग्रह नाही.

पेणकर :
आमच्या तालुक्यातल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ अवश्य वाचावा. घरावरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल, या आशेने हे भिक्षुक १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. पुढे लुटले गेले, उपाशी राहिले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी वरसईला आणलीच. एक सूचना : चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये छापताना मजकुरात बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढलेली आवृत्ती मिळाली, तर तीच घ्यावी.

मिरजेची वाचक :
गोडसे भटजी मलाही प्रिय आहेत, पण प्रश्नकर्त्यांना हवी ती ओढ तिथे सापडेल, असे वाटत नाही. भटजींना परिस्थितीने फिरवले, गोनीदा आपल्या पायांनी पुनःपुन्हा त्याच गडावर गेले. या स्वभावाला मला व्यंकटेश माडगूळकर अधिक जवळचे वाटतात. ‘नागझिरा’ हे भंडाऱ्याकडच्या त्या जंगलात एकट्याने राहून लिहिलेले पुस्तक आहे. त्यात पाणवठ्यावर बसून वाट पाहणे हाच मोठा प्रसंग असतो. गोनीदांचा उमाळा मात्र त्यांच्यात नाही, वाक्ये आखूड आणि कोरडी आहेत, त्यामुळे पहिली काही पाने नेटाने वाचावी लागतील.

याखेरीज ‘परिपूर्ती’मधला इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचावा. तो जेमतेम काही पानांचा आहे, परंतु दिंडीत बरोबरीने चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या चुली वेगळ्या पाहून त्यांना झालेला त्रास, आणि तरीही वारीवरचे त्यांचे प्रेम, हे दोन्ही इतक्या उघडपणे लिहिणारे प्रवासवर्णनकार आपल्याकडे थोडेच आहेत. प्रवासवर्णन म्हणजे परदेशवारी, ही आपली समजूत त्या लेखापुढे टिकत नाही.

वाटसरू :
दोघांचेही आभार. ‘परिपूर्ती’ घरातच निघाली, आईच्या कपाटात, ‘वाटचाल’च्या पानाशी तुळशीचे वाळके पान घातलेली. ‘माझा प्रवास’ वाचनालयात आहे, पण मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने फाटल्यामुळे आवृत्ती कोणाची, ते कळत नाही. पेणकर, नुसत्या मजकुरावरून ती ओळखण्याची काही खूण आहे का?