अनुभव धागा: घटनांच्या नोंदी साठवणारा सर्व्हर

अ‍ॅपमधील क्लिक असो वा सेन्सरचे रीडिंग, घडलेली गोष्ट वेळेसह साठवून हवी तेव्हा परत देणारा सर्व्हर ज्यांनी उभारला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. नोंदी परत काढताना काय आढळले, हे विशेष वाचायला आवडेल.

नाशिक, कोल्ड स्टोरेजचे तापमान
इंटरनेट गेले की आमचे उपकरण नोंदी स्वतःजवळ ठेवते आणि जोडणी परतताच एकदम पाठवते, त्यामुळे रात्री 11:50 चे रीडिंग पहाटे सव्वातीनला पोहोचणे नित्याचेच आहे. म्हणून नोंद घडल्याची वेळ आणि ती सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ असे दोन रकाने आम्ही ठेवले. अहवाल पहिल्यावरून निघतो. कालचा अहवाल आज वेगळा का दिसतो, याचे उत्तर मात्र दुसराच देतो. सर्व्हरची पोच वाटेत हरवली तर उपकरण तीच नोंद पुन्हा पाठवते. त्यासाठी नोंदीचा आयडी उपकरणावरच तयार होतो आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधील ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (तीच नोंद आधीच असेल तर काही करू नको) या सूचनेमुळे दुसरी प्रत निमूट गळते.

पुणे, अ‍ॅपमधील हालचाली
वरील मुद्द्याला जोडून लिहितो. जुन्या नोंदी ‘डिलीट’ने काढल्या तर मृत ओळी मागे राहतात आणि व्हॅक्यूमचे, म्हणजे त्या ओळींची जागा मोकळी करणाऱ्या सफाईचे, काम वाढते; महिनावार पार्टिशन केल्यास, म्हणजे टेबलाचे महिन्यागणिक तुकडे पाडल्यास, आख्खा महिना क्षणात वेगळा करता येतो. परंतु पार्टिशन केलेल्या टेबलावरील युनिक निर्बंधात (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणाऱ्या नियमात) ज्यावरून पार्टिशन केले तो रकाना घ्यावाच लागतो. तो रकाना पोहोचल्याच्या वेळेचा असेल तर एकाच नोंदीच्या दोन प्रती बिनदिक्कत आत येतात, कारण त्यांची ती वेळ वेगळी असते. पार्टिशन घडल्याच्या वेळेवर करावे, असे माझे ठाम मत आहे. ती वेळ दोन्ही प्रतींत सारखीच असते.

बर्लिन
वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेतच) साठवावी, हे सर्वांना ठाऊक असते. दिवस कोणाचा, हे मात्र विचारले जात नाही. भारतातील मध्यरात्र म्हणजे यूटीसीचे आदल्या दिवशीचे 18:30. भारतात घड्याळ बदलत नाही, हे त्यातल्या त्यात सुख आहे; जर्मनीत ऑक्टोबरअखेरचा एक रविवार 25 तासांचा आणि मार्चअखेरचा 23 तासांचा भरतो, त्यामुळे दिवसाच्या सुरुवातीत 24 तास मिळवून दुसरा दिवस काढणारी क्वेरी तेथे चुकते.

ठाणे
पानापानाने नोंदी देताना ‘ऑफसेट’ (पहिल्या इतक्या ओळी वगळून पुढच्या दे, असे सांगणे) टाळावा. वगळायच्या ओळीही डेटाबेसला वाचाव्याच लागतात आणि मध्येच यादीच्या वरच्या टोकाला नव्या नोंदी आल्यास आधीच्या पानावरील ओळी पुढच्या पानावर पुन्हा दिसतात. आम्ही शेवटच्या नोंदीची वेळ आणि आयडी ही जोडी पुढच्या विनंतीत मागतो; केवळ वेळ पुरत नाही, कारण एकाच मिलिसेकंदाला अनेक नोंदी पडतात.