चिपळूण: पूररेषेजवळचा सपाट प्लॉट की डोंगर कापलेला?

पेठेतला_पाहुणा
आई-वडिलांसाठी चिपळुणात बैठं घर बांधायचं आहे. दोन प्लॉट पाहिले. एक वाशिष्ठीपासून साधारण 400 मीटरवर, सपाट. 22 जुलै 2021 ला तिथं पुरुषभर पाणी होतं, असं शेजारी सांगतात. दुसरा डोंगर कापून पाडलेला, मागे 5 मीटर उभी कापणी आणि वर काजूची बाग. दलाल म्हणतात, वर पुराची भीतीच नाही. नेमकं काय तपासू?

जोत्याची_लेव्हल
‘पुरुषभर’वर व्यवहार करू नका, आकडा काढा. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात पाहायला मिळतात. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाचा. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथला प्लॉट सोडूनच द्या. निळी ते लाल नियंत्रित पट्टा. तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंमी वर हवं.

सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची (आरएल) काढून घ्या. उदाहरणादाखल, लाल रेषा 9.20 मीटर आणि जमीन 8.00 असेल, तर जोतं 9.65 वर, म्हणजे जमिनीपासून 1.65 मीटर. एवढा मातीचा भराव टाकू नका. भरावाने शेजाऱ्याकडे पाणी वळतं, आणि नीट न दाबलेला भराव भिजला की खचून फरशीला तडे जातात. खांबांवर घर उचला, खाली मोकळं ठेवा. वयस्कर माणसं राहणार, तेव्हा पायऱ्यांबरोबर उताराच्या रॅम्पची जागा आजच नकाशात धरा.

2005 आणि 2021, सोळा वर्षांत दोन मोठे पूर आले. घाटातला पाऊस फार कमी वेळात खाली उतरतो, कोयनेच्या वीजगृहांतून निघालेलं पाणीही कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, आणि दाभोळच्या खाडीतून भरती चढलेली असली की निचरा खोळंबतो. म्हणून पावसाळ्यात भरतीची वेळ तोंडपाठ हवी.

गडगा_आणि_उतार
‘वर पुराची भीती नाही’ हे खरं, पण 2021 च्या त्याच 22 जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. माझं स्पष्ट मत, 5 मीटर उभ्या कापणीखालचा प्लॉट जसा आहे तसा घेऊ नये.

जांभ्याचा वरचा थर कठीण आणि सच्छिद्र, त्याच्याखाली मऊ चिकट माती. पाणी जांभ्यातून झिरपतं, मातीपाशी अडतं आणि तोच थर निसरडा होतो. कापणीने उताराचा पायाच काढून घेतलेला असतो. पाहणी ऑगस्टमध्ये करा, मे महिन्यात काही कळत नाही. कापणीच्या माथ्यावर, कडेपासून 10-15 मीटर आतपर्यंत चालत जा. जमिनीत कडेला समांतर भेग आहे का, झाडांचे बुंधे खालच्या अंगाला कलले आहेत का, कापणीच्या मध्यातून गढूळ झरा फुटलाय का, ते बघा. भेगेत बोट जात असेल तर परत या. जुना पऱ्या (ओढा) बुजवून प्लॉट पाडलाय का, तेही गावात विचारा. पाणी आपली वाट सोडत नाही.

संरक्षक भिंत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. भिंती बहुतेक मातीने नाही, मागे तुंबलेल्या पाण्याने पडतात. दर दीड-दोन मीटरवर 75 ते 100 मिमीचे पाइप आरपार हवेत, मागे खडीचा थर, आणि माथ्यावर पाणी बाजूला नेणारं पक्कं गटार. वरच्या घराचा शोषखड्डा कापणीच्या डोक्यावर असेल तर उतार बारा महिने भिजत राहतो. हे कुणी पाहत नाही.

दोन्हीकडे बांधकाम भूकंपाचा विचार करूनच. कोयना जवळ आहे, 1967 चा धक्का विसरू नये. चिऱ्याच्या भिंती असतील तर जोत्याला आणि लिंटेलला (दार-खिडक्यांच्या माथ्यावर) सलग काँक्रीटचा पट्टा, किमान 75 मिमी जाड. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढे न्यायची.

पेठेतला_पाहुणा
खूप आभार. खालच्या प्लॉटवर दाराला घट्ट फळ्या लावून पाणी बाहेरच रोखता येईल का?

जोत्याची_लेव्हल
60 सेंमीपर्यंत ठीक. त्यापुढे धोका आहे. 60 सेंमी पाण्याचा भिंतीवर दर मीटर लांबीला सुमारे 180 किलो दाब येतो, दीड मीटरचा 1,125 किलो. आत रिकामं, बाहेर पाणी, अशी भिंत आत कोसळते. पाणी त्यावर गेलं तर आत येऊ द्या आणि माणसं आधीच हलवा.

शिवाय फळ्या लावल्या तरी संडासाच्या भांड्यातून पाणी उलटं वर येतं. चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा आणि मेअखेर त्याची झडप उघडून साफ करा, केस-चिंध्या अडकल्या की ती मिटत नाही. जमिनीतली 5,000 लिटरची टाकी रिकामी असेल आणि पूर्ण बुडाली तर पाणी तिला जवळपास 5 टनांच्या जोराने वर ढकलतं. इशारा आला की टाकी भरून ठेवा. गॅस सिलिंडर साखळीने बांधा. मीटर, इन्व्हर्टर आणि बोर्ड लाल रेषेच्या वर.

टीसीएल_वाला
पूर ओसरल्यावरची विहीर राहिली. आधी उपसा, गाळ काढा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. व्यासाचा वर्ग × 0.785 × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × 1,000 म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरून 140 ग्रॅम. पावडर थेट टाकू नका, चुना तळाशी बसतो. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत बुडवून वर-खाली हलवा. किमान एक तास पाणी काढू नका. टीसीएलची पिशवी उघडी राहिली असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून ताजी घ्या.

आणि विमा. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून आहे. पूर, भूकंप आणि दरड तिन्ही त्यात येतात. रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरा, जमिनीची किंमत मिसळू नका. सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. दाव्यासाठी भिंतीवरची चिखलाची रेघ टेप धरून फोटोत घ्या, मगच घर धुवायला काढा.