मदत हवी आहे: धोतर नेसलेला एल्फ नको, मग काय?

नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मराठीतून रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायची. चौघं पुण्यात, एक मडगावला, एक न्यू जर्सीत. वेळा जुळत नाहीत, म्हणून ज्याला जमेल तेव्हा तो आपली खेळी लिहून टाकतो. गेममास्टर, म्हणजे गोष्टीचं जग रचून खेळ चालवणारा, मी. नव्या मोहिमेचं जग रचतोय आणि पात्रांच्या वंशांपाशी अडलोय.

मागच्या मोहिमेत पाच खेळाडूंपैकी तीन एल्फ (तेच ते लांब कानांचे, दीर्घायुषी जंगलवासी), एक अर्धा एल्फ, एक अर्धा ड्रॅगन. तिन्ही एल्फ अनाथ, तिघांचीही गावं ऑर्क नावाच्या राक्षसांनी जाळलेली, तिघंही अबोल. तीन एकलकोंडे एकाच पथकात! पहिले चार दिवस कोणी कोणाशी बोलेचना.

खेळाडूंना काय बोलणार? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचा सगळा गोतावळा १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या रोलप्ले खेळात आला आणि पुढे एव्हरक्वेस्ट (१९९९), वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (२००४) असा ऑनलाइन खेळांत पसरला. टोल्किनच्या बुटक्या 'हॉबिट'च्या नावावर हक्कदारांनी हरकत घेतली, तर त्याचं 'हाफलिंग' केलं. माणूस तोच, पाटी नवी.

मीही तेच करून बसलो. 'वनजन' नावाची जमात रचली: दीर्घायुषी, सडपातळ, झाडांशी बोलणारी, माणसांना तुच्छ लेखणारी. मडगावकरीण वाचून म्हणाली, "अरे, हा तर धोतर नेसलेला एल्फ." बरोबरच होतं तिचं.

मग आपली भुतं काढली. पण मुंज्याची जमात कशी करणार? मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला की मुंजा होतो. प्रत्येकाचं मरण वेगळं, पिंपळ वेगळा. 'मुंज्यांचं सैन्य, चपळाई अधिक दोन' असं लिहिताना मलाच हसू फुटलं. गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन खेळात 'असुरा' म्हणजे मोठ्या कानांचे बुटके संशोधक. त्यांनी नाव उचलून बिनधास्त काहीही केलं, मग मीच का कचरतोय, असंही वाटतं.

(पात्राची माहिती भरायच्या शीटवरच्या रकान्याला आधी 'जात' लिहिलं होतं. न्यू जर्सीवाल्याने विचारलं, "प्रमाणपत्र जोडू का?" आता 'वंश' ठेवलंय. डी अँड डीनेही २०२४ च्या पुस्तकात 'रेस' काढून 'स्पीशीज' केलंय.)

तर, नाव बदललेला एल्फ होणार नाही असा वंश रचायला सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
एल्फांनी काय घोडं मारलंय? वैताग येतो तो जळलेल्या गावांचा. एकच नियम कर: आईबाप जिवंत असले पाहिजेत आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे. बघ एल्फ कसा बोलायला लागतो.

प्रतिसाद २
माझं आजोळ तळकोकणातलं. तिथे आणि गोव्यात वेताळाला चपला वाहतात, कारण रात्रभर फिरून त्याच्या झिजतात. देवचार गावाची शीव राखतो आणि त्याला त्याचा मान द्यावा लागतो. यात दोघं दिसतात कसे, हे कुठे आलं? तुम्ही दिसण्यापासून सुरुवात करताय, म्हणून कान लांब होतात. त्यांचं झिजतं काय, त्यांना लागतं काय, कुठवर जाता येतं, हे आधी ठरवा.

आणि एक. आमच्याकडे यांना अजून हात जोडतात, तेव्हा नावं तेवढी वापरू नका. नियम घ्या.

धागाकर्ता
म्हणजे मी नेमकं उलटं करत होतो. नाव नवं, आत सगळं जुनं.

प्रतिसाद १, पैशांचा नियम ढापला आहे. प्रतिसाद २, शिवेचं घेतो: प्रत्येक जण एका गावाला बांधलेला, शिवेबाहेर पडला की त्याची ताकद जाते. पण आमचं पथक गावोगाव भटकणार. पहिल्याच मुक्कामाला बिचारा निकामी होईल, त्याचं काय करू?

प्रतिसाद २
पुढच्या गावच्या राखणदाराकडे मुक्कामाची परवानगी मागायची. रिकाम्या हाताने नाही. आणि काय न्यायचं, ते प्रत्येक गावात वेगळं ठेवा.