‘लिपिड सिग्नलिंग’ला मराठीत काय म्हणावे?

संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर: २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळेतली मुले आमची प्रयोगशाळा पाहायला येणार आहेत. आमचे काम मेंब्रेनमधल्या (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातल्या) लिपिडांवर, म्हणजे तेल-चरबीसारख्या पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थांवर, आणि ते पेशीला देतात त्या इशाऱ्यांवर, म्हणजे ‘लिपिड सिग्नलिंग’वर चालते. फलकासाठी मी ‘पेशी आवरणातील मेदांचे संदेशवहन’ असा मथळा केला, पण सरांना तो पटला नाही. काय लिहावे?

विज्ञान शिक्षिका: आवरण नको, ‘पटल’ घ्या. आमच्या पुस्तकात प्रद्रव्यपटल आहेच. भित्तिका मात्र चुकूनही लिहू नका. ती वनस्पतींच्या पेशीला असते, प्राण्यांच्या नाही, आणि मुले उत्तरपत्रिकेत नेमकी तिथेच घोटाळा करतात. मेद ठेवायला हरकत नाही.

जीवरसायनाचे प्राध्यापक: पटलाला माझे अनुमोदन. दृष्टिपटल, श्वासपटल हे शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत आणि ती पटले नुसती झाकत नाहीत, काम करतात. पेशीपटलही आत काय जाऊ द्यायचे, काय नाही हे ठरवते.

मेदाला मात्र माझा ठाम विरोध आहे, मॅडम. मेद म्हटले की पोटावरची चरबी डोळ्यांपुढे येते, नाहीतर आयुर्वेदातल्या सप्तधातूंमधला मेद. चरबी हा लिपिडांचा एक प्रकार झाला, आणि पटलाचा दुहेरी थर काही चरबीचा नसतो. तो मुख्यतः फॉस्फोलिपिडांचा असतो. त्यांचे एक टोक पाण्याकडे वळते, शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. चरबीला असे पाण्याकडे ओढ घेणारे टोक नसल्यामुळे तिचा थर न होता थेंब होतो. उलट ‘लिपिड प्रोफाइल’ हे शब्द रक्ताच्या रिपोर्टमुळे घरोघर पोचले आहेत. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांनाही लिपिड कळेल. तोच शब्द राहू द्या.

विद्यार्थिनी: आणि संदेशवहन?

प्राध्यापक: खरी अडचण तिथेच आहे. वहन म्हटले की दुसऱ्याचा निरोप घेऊन जाणारा आला. आता पिप-टू हे फॉस्फोलिपिड घ्या. पटलाच्या आतल्या थरात ते अगदी थोडे असते. बाहेरून संप्रेरकाने ग्राहीला (संकेत ओळखणाऱ्या पटलातल्या प्रथिनाला) जागे केले की फॉस्फोलायपेज सी हे विकर पिप-टूचे दोन तुकडे करते. पहिला तुकडा, आयपी-थ्री, पेशीद्रव्यात सुटतो आणि आंतर्द्रव्यजालिकेतले (पेशीच्या आतल्या जाळ्यातले) कॅल्शियम बाहेर सोडायला लावतो (हे १९८३ मध्ये दाखवले गेले). दुसरा तुकडा, डायअसिलग्लिसरॉल, पटलातच राहतो आणि प्रोटीन कायनेज सी या विकराला कामाला लावतो. म्हणजे आयपी-थ्रीला वाहक म्हणता येईल, पण या दुसऱ्याला नाही. तो तिथे असणे हाच संकेत. म्हणून मी ‘संकेतन’ म्हणेन.

शिक्षिका: संकेतन आठवीच्या मुलाला जड जाईल हो.

प्राध्यापक: मग नुसते ‘संकेत’ लिहा. फॉस्फॅटिडिलसेरिन या पटलातल्या आणखी एका फॉस्फोलिपिडालाही तो शब्द चपखल बसतो. एरवी ते आतल्या थरात असते. पेशी मरणपंथाला लागली की बाहेरच्या थरावर येते आणि भक्षक पेशी ती खूण ओळखून तिला गिळतात. इथे तर वहन औषधालाही नाही.

विद्यार्थिनी: मग मथळा ‘पेशीपटलातील लिपिडांचे संकेत’ असा करते. आयपी-थ्री, पिप-टू ही नावे तशीच देवनागरीत ठेवते; प्रयोगशाळेत आम्ही तीच बोलतो.

शिक्षिका: चालेल. फक्त ‘ग्राही’ शब्दाशेजारी चित्र काढा, तो आमच्या मुलांना नवा आहे.