मदत हवी आहे: वृषणातलं पाणी मुरतं कसं?

एमएस्सीच्या सेमिनारला हा विषय घेतला आणि अडकले. वृषणातून शुक्राणू भरपूर द्रवात वाहत येतात. त्यातला जवळपास ९०% द्रव अधिवृषणाआधीच्या (अधिवृषण म्हणजे शुक्राणू पक्व होतात ती वेटोळी नळी) बारीक अपवाही नलिकाच शोषतात. नळीच्या पोकळीकडे एनएचई३ प्रथिन सोडियम पेशीत घेतं, पेशीच्या बुडाशी असलेला पंप ते सोडियम रक्ताकडे ढकलतो, मिठामागोमाग पाणी. अगदी मूत्रपिंडासारखंच, इथवर ठीक.

पण इस्ट्रोजेन-रिसेप्टर अल्फा (इस्ट्रोजेनचा संदेश घेणारं प्रथिन) नसलेल्या नर उंदरांत हेच शोषण बिघडतं. वृषण आधी फुगतं, मग आक्रसतं. (नरात इस्ट्रोजेन म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला.) मग इस्ट्रोजेन एनएचई३ टिकवतं, की पेशीवरचे सूक्ष्मांकुर (शोषणाचं क्षेत्रफळ वाढवणारे बारीक उंचवटे), की दोन्ही? आणि पुढे अधिवृषणात सीएफटीआर (पेशीच्या पडद्यातला क्लोराइडचा मार्ग) उलट क्लोराइड बाहेर सोडतो, ते का? फळ्यावर काढता येईल अशी आकृती कुणाकडे आहे का? सेमिनार गुरुवारी आहे.