कला अकादमी पाडा म्हणणाऱ्यांना एक उत्तर

तिसरी घंटा: काल कुणीतरी इथे लिहून गेलं, "कोरियांचं कौतुक पुरे. खाऱ्या वाऱ्यात सडलेलं काँक्रीट ते, पाडा आणि पणजीला नवं नाट्यगृह द्या." रात्री झोप नाही लागली. अरे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1973 ते 83, दहा वर्षं खपून उभी केलेली वास्तू आहे. पणजीतल्या कांपालच्या झाडांच्या वर डोकं न काढता आडवी पसरलेली. रस्त्यावरून शिरलात की सरळ मांडवी नदीपर्यंत जा, "काय काम?" असं कुणी विचारत नाही. आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात पहिल्या तालमीला गेलो तेव्हा एकही प्रेक्षक नव्हता, तरी भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडाने रंगवलेली माणसं बाल्कनीत बसून बघत होती. माझी पहिली तीन वाक्यं घशातच राहिली. हे पाडणार?

सदा सिव्हिल: भावना छान. मी तीस वर्षं किनाऱ्यावर बांधकामं केली. सळईला गंज चढला की ती फुगते, वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. खारी हवा, वर गोव्याचा पाऊस, आणि आर्किटेक्टला हवं सपाट छप्पर. मारियो गळती थांबवतो का? 17 जुलै 2023 ला खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला, तो काय भावनेने?

तिसरी घंटा: कोसळला तो नूतनीकरण चालू असताना! निविदा न काढता काम दिलेलं. त्यावर विधानसभेत मंत्रिमहोदयांचं उत्तर काय, तर ताजमहाल बांधताना शहाजहानने कोटेशनं मागवली नव्हती. आणि दोष कोरियांचा? ते 2015 लाच गेले, बिचारे.

फोंडेकरीण: तुम्हा पणजीवाल्यांचं नाटक काँक्रीटपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. गोव्याचं नाटक देवळापुढच्या मांडवात वाढलं. माझे आजोबा जत्रेच्या नाटकात स्त्रीपार्ट करायचे, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, माइकशिवाय. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला हुंदका ऐकू यायचा.

तिसरी घंटा: आजोबांबद्दल आदर आहे, पण मागच्या वर्षी एका गावच्या उत्सवात मी हँगिंग माइकखाली अडीच तास काढले. नायिकेच्या बांगड्या ऐकू आल्या, नायिका नाही.

फोंडेकरीण: माइकवाला तुमच्यासारख्या शहरी दिग्दर्शकानेच आणलेला असणार! आमच्याकडे आधी आवाज कमवायचे, मग भूमिका मिळायची.

सदा सिव्हिल: धागा स्लॅबचा आहे की बांगड्यांचा?

फोंडेकरीण: सदाभाऊ, तुमच्या स्लॅबखाली बोलायला माणूस लागतो म्हणून सांगतेय. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला आमची गावची पोरं उतरतात, ती या मांडवांतूनच येतात.

तिसरी घंटा: म्हणजे अकादमी लागते तर! झालं.

फोंडेकरीण: लागते. पाडा असं मी म्हटलंच कधी?

सदा सिव्हिल: मीही "पाडा" म्हटलं नव्हतं, वर जाऊन वाचा. दर पावसाळ्याआधी छपरावर चढून पन्हळी साफ करणारा एक माणूस नेमला असता तर निम्मं दुखणं टळलं असतं. पण त्या कामाच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही ना. सपाट छपराबद्दल मात्र माझं मत तेच.

तिसरी घंटा: छपराचं तुमचं राहू द्या. पन्हळीचं मान्य. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.