डिमेन्शिया, संध्याकाळची चिडचिड आणि नवी गोळी : सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार. ह्यांना अल्झायमरचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, वय 74. त्यावरची डोनेपेझिल ही गोळी आधीपासून चालू आहे. हल्ली दिवेलागणीला ह्यांचं बिनसतं. "मला घरी जायचंय" म्हणत दाराची कडी ओढत राहतात, अडवलं की हात उगारतात. परवा माझं मनगट असं पिरगाळलं की बांगड्या फुटून काचा रुतल्या. डॉक्टरांनी रात्री क्वेटियापिन 25 ची अर्धी गोळी दिलीय. तिने झोप लागते, पण सकाळी उशिरापर्यंत ग्लानी असते आणि उठताना झोक जातो. गोळी चालू ठेवावी का? मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच. औषधं आणि मदतीचं माणूस मिळून महिना आठ-दहा हजारांवर झेपणार नाही.

डोंबिवलीकर
काकू, सरळ सेवक पुरवणाऱ्या ब्युरोचा चोवीस तासांचा माणूस ठेवा. आम्ही बाबांसाठी ठेवलाय, महिना 28 हजार जातात, पण घर शांत आहे.

सातारी
त्यांनी बजेट लिहिलंय. वाचलंत का?

डोंबिवलीकर
वाचलं. मुलाला म्हणावं अर्धे दे. आईबापांसाठी नाही तर कमवायचं कशाला?

गोदाकाठ
ताई, ती गोळी आजच बंद करा! आमच्या सासूबाई त्याच गोळीने अंथरुणाला खिळल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच या गटातल्या, म्हणजे मनोविकारावरच्या अँटिसायकोटिक औषधांवर ठळक इशारा छापायला लावलाय, डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो म्हणून. डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळा, आम्हाला गुण आला.

औषधवाला
माझं मेडिकल आहे. इशारा खरा आहे, पण गोळी मनाने बंद करू नका आणि वाढवूही नका. ग्लानी आणि झोक जाणं डॉक्टरांना आजच फोनवर सांगा. या गोळीने उभं राहताना बीपी उतरतं, म्हणून आधी पलंगाच्या काठावर बसवा, थोडं थांबा, मग उठवा. गोळी किती आठवडे द्यायची हेही विचारून घ्या. कितीतरी चिठ्ठ्या वर्षानुवर्षं तशाच रिपीट होताना बघतो मी. सर्दीची गोळी देताय का? क्लोरफेनिरामिन असलेल्या औषधांनी यांचा गोंधळ वाढतो.

डोंबिवलीकर
बाबांना अल्प्राझोलामची पाव गोळी दिली की गाढ झोपतात. कुठल्याही दुकानात मिळते.

औषधवाला
चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. या वयात तिने तोल जातो, खुबा मोडतो, कधी उलट चिडचिडच वाढते. कृपा करून असं सुचवू नका.

सातारी
गोळी घेत नसतील तर शिऱ्यात कालवून द्या. माझी आई तशीच घ्यायची.

गोदाकाठ
नवऱ्याला फसवून औषध द्यायचं? मला नाही पटत.

सातारी
तुम्हाला नाही द्यायचं हो. घरी एकदा करून बघा, मग पटवू.

औषधवाला
शिऱ्यात देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाकिटावर एसआर किंवा एक्सआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी, असं असेल तर गोळी कुटायची नाही, अर्धीही करायची नाही.

निवृत्त_सिस्टर
लघवी तपासली का? पोट साफ होतं का? दात, गुडघे दुखतात का? या पेशंटला दुखणं सांगता येत नाही, ते अंगावर धावून येतात. वॉर्डात मी हेच बघितलं. चिडचिड एकाएकी वाढली असेल तर आधी हे बघायचं. साधी लघवी तपासणी शे-दोनशेत होते. आणखी एक : हात कापत असतील, घरात नसलेली माणसं दिसत असतील तर ते आवर्जून सांगा. लेव्ही बॉडी नावाचा डिमेन्शियाचा प्रकार असला तर शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन फार बाधतं. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीला नेलंत तर तिथेही आधी हेच सांगा.
"हेच आपलं घर" असं समजावत बसू नका, वाद वाढतो. अंधारायच्या आधी सगळे दिवे लावा. तुम्हालाच बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलतात.

डोंबिवलीकर
मी परत सांगतो, माणूस ठेवा. दाराला वर दुसरी कडी बसवा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. लघवीत संसर्ग नाही. पोट मात्र साफ होत नव्हतं, त्याचं औषध सुरू केलंय. डॉक्टर म्हणाले अर्धी गोळी झोपताना नको, सात वाजता द्या, आणि सहा आठवड्यांनी कमी करता येते का बघू. सकाळची ग्लानी थोडी उतरलीय. गोळी बंद करणार नाही, हा हात परत उगारला गेला तर मी एकटी काय करणार? माणूसही ठेवणार नाही, परका पुरुष घरात दिसला की हे बिथरतात. कडीही नको. साडेपाचला मीच ह्यांना चपला घालून मारुतीच्या देवळापर्यंत नेते, येताना "आता घरी जाऊ" म्हणते, तर निमूट येतात. रोज नाही, पण येतात.

डोंबिवलीकर
तुमची मर्जी. ब्युरोचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय, असू द्या जवळ.